असईचा स्वार

आयर्लंडच्या सरदारवर्गाचा इतिहास घोड्याला वगळून लिहिता येत नाही. मणिपूरचा पोलो १८५९ साली सिल्चरच्या क्लबातून युरोपीयांत रुजला आणि १८७३ साली आयर्लंडमध्येही त्याचा क्लब निघाला, तो याच वर्गाच्या हौसेमुळे. मात्र या वर्गातील सर्वांत विख्यात स्वाराने आपला अवघड डाव त्याच्या कितीतरी आधी, आमच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मांडला होता.

आर्थर वेलस्ली याचा जन्म १७६९चा. तो मॉर्निंग्टनच्या अर्लचा धाकटा मुलगा. ईटनच्या शाळेत त्याची चमक दिसली नाही. पुढे फ्रान्समधील आंजे येथील अश्वारोहणाच्या विद्यालयात मात्र तो पक्का स्वार झाला. शिकारी कुत्र्यांचा ताफा घेऊन कोल्ह्यामागे दौडण्याचा शौक त्याने पुढे स्पेनच्या युद्धातही सोडला नाही.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईजवळ शिंदे-भोसल्यांचे अफाट सैन्य अचानक समोर आले, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली गावे त्याने पाहिली आणि त्यांच्यामध्ये ये-जा असणारच, असे ताडले. उतार सापडला. ही नजर केवळ सेनानीची नव्हे. रानोमाळ घोडा घालणाऱ्या शिकाऱ्याचीही आहे, असे आम्हांस वाटते.

त्या दिवशी त्याच्याखालचा एक घोडा ठार झाला. डायोमीड नावाच्या दुसऱ्याला भाल्याची जखम झाली. कंपनीची सुमारे सोळाशे माणसे मृत वा जखमी झाली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तर तोफांवरून शत्रू पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग टाकून, त्याच तोफा फिरवून त्याच्या पाठीवर डागल्या. १८१५ साली वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने उतारवयात आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचेच नाव घेतले, असे सांगतात. ती थोरवी त्या गोलंदाजांनीही घडविलेली आहे.

चरित्रकार या दिवसाचे वर्णन एखाद्या मर्दानी खेळासारखे करतात, तेव्हा आम्ही थबकतो. वेलस्लीचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु खेळ संपल्यावर दोन्ही बाजू घरी जातात. असईहून अनेक जण परतले नाहीत. डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले आणि दख्खनचे राजकारण कायमचे बदलले.

इतिहासाने डायोमीडचे नाव जपले. तोफा फिरविणाऱ्या त्या गोलंदाजांची नावे मात्र आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगू शकत नाही. त्यांच्यापैकी कित्येक याच मातीत पडले. स्वाराचे चरित्र वाचताना ती रिकामी जागा दिसत राहावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.