आर : मुक्त सांख्यिकीय आज्ञावली व तिचे प्रलेखन

सांख्यिकीय गणन व आलेखन यांसाठी वापरली जाणारी मुक्त संगणकीय भाषा व आज्ञावली. गणनाचे तंत्र इतरांना तपासता येईल अशा रीतीने लिहून ठेवण्याची शिस्त हे तिच्या इतिहासातील महत्त्वाचे अंग होय.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी ‘एस’ ही भाषा निर्माण करण्यास प्रारंभ केला. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही भाषा रचली व १९९३ मध्ये ती जाहीर केली. मार्टिन मेख्लर यांच्या आग्रहामुळे जून १९९५ मध्ये तिच्या मूळ आज्ञा जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली खुल्या करण्यात आल्या. त्यामुळे ती विनामूल्य वापरण्याचा, तपासण्याचा व सुधारून वाटण्याचा अधिकार सर्वांना मिळाला. पहिली परिपूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली.

विशिष्ट कार्यासाठी लिहिलेल्या फलनांचा ‘संच’ हे या भाषेच्या वाढीचे प्रमुख साधन होय. कुर्ट हॉर्निक व फ्रीड्रिख लाइश यांनी १९९७ मध्ये व्हिएन्ना येथे ‘क्रान’ हे संचांचे भांडार सुरू केले. प्रारंभी त्यात १२ संच होते. आता ही संख्या २०,००० हून अधिक आहे.

संचाची मांडणी ठराविक असते. वर्णनपत्रात नाव, आवृत्ती, लेखक, परवाना व आवश्यक असलेले अन्य संच नमूद करतात. फलने व त्यांचे प्रलेख स्वतंत्र विभागांत ठेवतात. प्रत्येक प्रलेखात फलनाचा उद्देश, त्यास पुरवावयाच्या राशी, मिळणारे उत्तर व उदाहरणे देतात. भांडारात स्वीकारण्यापूर्वी होणाऱ्या तपासणीत ही उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहिली जातात. तसेच फलन व प्रलेख यांतील विसंगती दाखविली जाते.

प्रलेखन अपुरे असल्यास निष्कर्षच बिघडतो. उदा., ठाणे जिल्ह्यातील वैशाखरे येथील दैनंदिन पर्जन्याच्या नोंदींची सरासरी काढावयाची आहे. ज्या दिवशी मापन झाले नाही तो दिवस शून्य पावसाचा मानल्यास सरासरी वास्तवापेक्षा कमी येऊ शकते. ‘आर’मध्ये अनुपलब्ध नोंदीसाठी स्वतंत्र चिन्ह आहे. अशी नोंद वगळण्यास स्पष्टपणे सांगितल्याखेरीज सरासरीचे फलन संख्यात्मक उत्तर देत नाही. संचकर्त्याने कोणता पर्याय योजिला आहे, हे प्रलेखावरूनच वाचकास कळते.

महाराष्ट्रात या भाषेच्या अध्यापनास सुधा पुरोहित, शरद गोरे व शैलजा देशमुख यांच्या स्टॅटिस्टिक्स यूझिंग आर (२००८) या इंग्रजी पाठ्यपुस्तकाने हातभार लावला. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उपक्रमांतून तिचे दृक्‌श्राव्य पाठही तयार झाले आहेत. महागडी आज्ञावली विकत घेणे न परवडणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांस ही भाषा खुली आहे. तथापि संचांचे प्रलेख मुख्यत्वे इंग्रजीत असल्याने मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा खुलेपणा अद्याप अपुरा आहे.