मिटलेले पाते आणि उघडे पाते

बंगळूर शहरातील मल्लेश्वरम ही वस्ती १८९८ सालच्या प्लेगनंतर आखली गेली. सरळ रस्ते, दुतर्फा झाडे आणि गजबजलेला बाजार पाहणाऱ्याला येथे कधी काळी रान होते हे सांगूनही खरे वाटत नाही. पण वस्तीला जिच्यावरून नाव मिळाले ती देवता स्वतःचे मूळ लपवीत नाही. देवाचे नाव काडु मल्लेश्वर. कन्नड भाषेत काडु म्हणजे रान, म्हणून हा रानातला मल्लेश्वर. येथील खडकावर १६६९ सालचा एक लेख कोरलेला आहे. मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची त्यात नोंद आहे, आणि हे इनाम देणारे एकोजी म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजांनी बंगळूर घेतल्यावर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला होता. त्याच शहाजीराजांचा अंत २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे, शिकारीच्या दौडीत घोड्यावरून पडून झाला. म्हणजे हे दान झाले त्याच्या पाचच वर्षे आधी दात्याचे वडील शिकारीत गेले होते.

शिकार, रान आणि मल्लिकार्जुन या तिहींचा मेळ आपल्या वाङ्मयात फार जुना आहे. आज मी त्यातील एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे बाणाचे फळ, दांडीच्या टोकाला बसविलेले लोखंडाचे पाते. बाण म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धनुष्य येते, धनुर्धर येतो. फळाकडे लक्ष जात नाही. वास्तविक धनुष्य बाणाला वेग देते, आणि शिकार पडते ती फळाने.

अमेरिकेत आणि अन्य काही देशांत धनुष्याने शिकार करण्याची प्रथा आजही कायद्याच्या चौकटीत चालू आहे. तेथील शिकाऱ्यांत गेली काही दशके एक वाद रंगला आहे. फळ कोणते वापरावे, स्थिर पात्यांचे की मिटत्या पात्यांचे? स्थिर पात्यांच्या फळात धारदार पाती कायमची बसविलेली असतात. भात्यातून निघताना ती जशी असतात तशीच लक्ष्यावर आदळतात. मिटत्या फळाची पाती उड्डाणात दांडीलगत अंग चोरून असतात आणि जनावरावर आदळताच त्या धक्क्याने बाहेर फेकली जातात. पहिल्याची अडचण अशी की त्याची रुंद पाती हवेत पंखांसारखे काम करतात. धनुष्य नीट जुळविलेले नसेल, सोडताना बोटे किंचित अडखळली असतील, तर पुढचे हे पंख मागच्या पिसांशी भांडू लागतात आणि बाण वाट सोडतो. दुसऱ्याला ही अडचण नाही. ते सरावाच्या बोथट बाणाइतके सरळ जाते आणि उघडल्यावर जखमही रुंद करते. मात्र पाती उघडण्याचे श्रम बाणाच्याच वेगातून वजा होतात. बाण तिरपा लागला तर ते घसरू शकते. शिवाय जेथे हलता सांधा आला तेथे तो ऐन वेळी न हलण्याची शक्यताही आली. कप्प्यांच्या जोरकस आधुनिक धनुष्याला ही वजावट परवडते. साध्या लाकडी धनुष्याला ती परवडत नाही.

हे सारे परक्या मुलखातील छांदिष्टांचे कौतुक, असे कुणाला वाटेल. पण हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने हाताळलेला आहे. वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात फळांचे प्रकार नावांनिशी दिले आहेत: आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक, काकतुंड. आणि ही नावे केवळ शोभेची नव्हेत. सुईच्या टोकाचे सूचीमुख कवच भेदण्यासाठी, अर्धचंद्र मान किंवा धनुष्य छाटण्यासाठी, भल्ल हृदयाचा वेध घेण्यासाठी, असा कामाचा वाटाही तेथे नेमून दिला आहे. जे फळ टोचते ते कापत नाही आणि जे कापते ते खोल जाईलच असे नाही, हे लोहाराच्या ऐरणीवरचे ज्ञान शास्त्रकाराने पुरते आत्मसात केले होते. सुश्रुताने हीच वस्तू दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे जखमेच्या आतून पाहिली. शरीरात रुतणाऱ्या बाणांचे त्याने दोन वर्ग केले: कर्णी आणि श्लक्ष्ण, म्हणजे कानांचे व गुळगुळीत. त्यांची रूपे झाडांच्या पानाफुलांसारखी, फळांसारखी, हिंस्र पशूंच्या व पक्ष्यांच्या मुखांसारखी असतात असे तो सांगतो. कानांचा बाण आत सहज जातो, पण मागे ओढू गेल्यास मांस फाडीत येतो. शस्त्रवैद्याला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नसावी.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात रणधर्माचे नियम आहेत. लढणाऱ्याने शत्रूला कूट आयुधांनी मारू नये, कर्णी बाणांनी मारू नये, विषाने माखलेल्या किंवा अग्नीने पेटविलेल्या बाणांनी मारू नये, असे तेथे सांगितले आहे. कूट आयुध म्हणजे काय? टीकाकार स्पष्टीकरण देतात की जे बाहेरून लाकडाचे दिसते, पण ज्याच्या आत तीक्ष्ण शस्त्र दडविलेले असते ते. ही व्याख्या वाचली की मिटत्या पात्यांचे फळ आठवल्यावाचून राहत नाही. दोन्ही वस्तू एक नव्हेत, हे खरे. मनूच्या काळी असा सांधा कुणी बनविला होता असे मला सुचवायचे नाही. पण पाते लपविण्याची कल्पना आणि त्या कल्पनेविषयीची अस्वस्थता या दोन्ही गोष्टी तेथे आहेत. मौजेची गोष्ट अशी की अमेरिकेतील अनेक राज्यांनी कानांच्या फळाला शिकारीत मज्जाव केला आहे, आणि काही राज्यांनी मिटत्या फळावरही दीर्घकाळ बंदी घातली होती. मनूने जोडीने नाकारलेल्या वस्तू एवढ्या अंतरावर पुन्हा शेजारी येऊन बसल्या.

फरक आहे तो असा, आणि तो लहान नाही. मनूचा नियम माणसाच्या रक्षणासाठी आहे. हरणाला किंवा डुकराला कर्णी बाण मारू नये असे तो म्हणत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात मृगया येते ती राजाच्या विनोदांमध्ये, गायन, नृत्य यांच्या पंक्तीला. (याच ग्रंथातील गीतविनोदात मराठीतील काही पदे जतन झाली आहेत, म्हणून मराठी वाचकाला तो ग्रंथ परका नाही.) पशूच्या वेदनेचा हिशेब ठेवणारा नियम शस्त्रशास्त्राने केला नाही, तिची जाणीव मात्र काव्याने जागविली. वाल्मीकींनी सांगितलेली दशरथाची कथा घ्या. शब्दवेधी बाण सुटला तो हत्तीसाठी. लागला तो पाणी भरणाऱ्या मुनिकुमाराला. तो मुलगा विनवतो की हा बाण उपसून काढ, आणि राजाला कळून चुकते की राहू दिला तर यातना, काढला तर मरण. रुतून बसलेले फळ म्हणजे काय, हे हरणाला सांगता आले नसते. म्हणून कवीने त्या जागी माणूस ठेवला.

मल्लिकार्जुनाच्या देवळाशी उभे राहून आठवावी अशी दुसरी कथा किरात आणि अर्जुन यांची. एका रानडुकरावर दोघांचे बाण सुटतात आणि शिकार कोणाची यावरून देव व भक्त यांत युद्ध जुंपते. भारवीने या प्रसंगावर महाकाव्य रचले. त्या कवीचे नाव ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात गौरवाने आले आहे. भारवीच्या वर्णनात किराताचा बाण डुकराच्या देहातून आरपार जाऊन भूमीत शिरतो, आणि अर्जुन परत घ्यायला जातो तो स्वतःचा बाण. शिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर येथे कवीने मर्मावर बोट ठेवले आहे. बंदुकीची गोळी धक्क्याने पाडते. बाण रक्तस्रावाने मारतो. तो आरपार गेला तर जखमेला दोन तोंडे होतात, रक्त वाहून जनावर लवकर कोसळते, आणि न कोसळल्यास त्याचा माग जमिनीवर स्पष्ट उमटतो. बाण अर्ध्यात अडकला तर जनावर तो अंगात घेऊन झाडीत नाहीसे होते.

या कसोटीवर मला स्थिर पात्यांचे फळ उजवे वाटते. त्याला खोल जाण्यासाठी कमी बळ पुरते, त्याच्यात फसण्यासारखा भाग नाही, आणि धनुर्धराच्या हातातील दोष ते झाकून घेत नाही. मिटत्या फळाचे कैवारी हाच त्याचा अवगुण मानतात. ज्याचा बाण उघड्या पात्यानिशी सरळ जात नाही त्याने आधी हात सुधारावा, मग रानात पाऊल टाकावे, असे माझे मत आहे. धारेचे महत्त्व तर त्याहूनही अधिक. १९११ साली कॅलिफोर्नियातील डोंगरांतून बाहेर आलेला इशी हा याही जमातीचा अखेरचा माणूस सॅक्स्टन पोप नावाच्या शस्त्रवैद्याचा धनुर्विद्येतील गुरू झाला. पोपने पुढे पोलादी फळे आणि ज्वालामुखीच्या काळ्या काचेची फळे यांची तुलना करून पाहिली, तेव्हा काचेचे फळ पोलादापेक्षा खोल गेले. सुश्रुताप्रमाणेच हाही चाकू चालविणारा माणूस होता, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

आपल्या देशात हा वाद आता रानात सोडवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाच्या शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही बंद केली. तेव्हा बाणांची फळे आता वस्तुसंग्रहालयांत पाहायची.

बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात मात्र शिकारीचे एक वेगळेच स्मारक आहे. तो मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावचा शिलालेख, दहाव्या शतकाच्या मध्याचा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने चोळांवर मिळविलेल्या विजयाचा उल्लेख त्यात आहे. पण दगड उभा राहिला तो काळी नावाच्या एका शिकारी कुत्र्यासाठी. मणलेर नावाच्या वीराने गंग राजा बूतुग याच्याकडून पराक्रमाचे बक्षीस म्हणून हे कुत्रे मागून घेतले होते. ते एका मोठ्या रानडुकरावर सोडले असता दोघेही एकमेकांना मारून मेले. लेखात बाणाचा उल्लेख नाही. देवळाच्या पुजाऱ्याने या शिळेची पूजा केल्याखेरीज अन्न घेऊ नये, घेतल्यास त्या कुत्र्याचे पाप त्याला लागेल, असे मात्र बजावले आहे. शिळेवर दोन्ही जनावरे समोरासमोर कोरलेली आहेत.