काट्याची साक्ष

फराळाचे ताट पुढे आले, की आमच्या घरी वजनाच्या काट्याचा विषय हटकून निघतो. वजन उतरवण्याची शर्यत लावून ती दूरचित्रवाणीवर दाखवणारा ‘द बिगेस्ट लूझर’ हा खेळ अमेरिकेत २००४ साली सुरू झाला. २००७ मध्ये त्याचा हिंदी अवतारही आला. न्यायाधीश एकच : काटा!

योगायोग असा, की त्याच २००४ साली आमच्या पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपले आणि डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही २२.३, पण अंगातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! काट्याला हा भेद दिसलाच नव्हता.

पुढे त्या खेळातील १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : १३ जणांचे वजन पुन्हा वाढले होते आणि विश्रांतीतला उष्मांकांचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० ने घटलेलाच राहिला होता. तो हिशेब बक्षीस समारंभात कोणी दाखवला नव्हता.

काटा खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो. म्हणून मी करंजी नाकारत नाही. पर्वतीच्या पायऱ्या मात्र दिवाळीतही चुकवत नाही.