सफारीला की रानात?

खर्डीहून सकाळची लोकल धरून मुंबईला कामाला जाणारा माणूस रोज सफारी करतो, असं म्हटलं तर फलाटावरचे लोक हसतील. स्वाहिली बोलणारा मात्र हसणार नाही. त्याच्या भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास, लग्नाला जायचा असो की बाजाराला. निघणाऱ्याला तिकडे ‘सफारी न्जेमा’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘सुखाने जा’. मूळ शब्द अरबी, ‘सफर’. तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, सोबत मुसाफिरालाही घेऊन आला. (सफरचंद मात्र या कुळातलं नव्हे. ते ‘सफरजल’ या वेगळ्याच फळाच्या अरबी नावावरून आलं.) एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द पूर्व आफ्रिकेत उचलला आणि त्याच्या खांद्यावर बंदूक दिली. पुढे बंदूक गेली, कॅमेरा आला. मध्यंतरी त्याचा सूटही शिवला गेला आणि आपल्याकडच्या साहेबांनी नि पुढाऱ्यांनी तो हौसेने वापरला.

हे सगळं आठवलं ते शेजारचा मुलगा मसाईमारा पाहून आला म्हणून. “काका, तिथला ड्रायव्हर गाडीला चक्क ‘गारी’ म्हणायचा. मला वाटलं, माझी चेष्टा करतोय!” चेष्टा नव्हती. ‘गारी’ ही आपल्याच गाडीची बहीण. हिंदी महासागरातल्या व्यापाराबरोबर ती तिकडे गेली, तसा पैसाही ‘पेसा’ होऊन गेला.

त्याने मोबाइलवर पहिला दाखवला तो चित्ता. संस्कृत ‘चित्रक’, म्हणजे ठिपक्यांचा. स्वाहिलीत त्याला ‘दुमा’ म्हणतात, पण गाडीतले जगभरचे पाहुणे ओरडतात ते आपल्या शब्दाचं इंग्रजी रूप. भारतात 1952 साली चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि 2022 साली नामिबियातून कुनो राष्ट्रीय उद्यानात नवे चित्ते आणले. जनावर परदेशातून आणावं लागलं, नाव घरचंच होतं. याच जोरावर ‘सिंबा’ म्हणजे आपला सिंह असं ठोकून द्यायचा मोह होतो. तो आवरावा. सिंबा बांटू कुळातला आहे, दिसण्यातलं साम्य योगायोगाचं.

“पण काका, जंगल कुठे होतं? नुसतं गवत!” तो म्हणाला. गंमत अशी की, तेच खरं जंगल. आयुर्वेदात ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, मोकळा मुलूख. पाणथळ, दाट झाडीचा तो ‘आनूप’. दाट झाडी हा अर्थ जंगलाला मागाहून चिकटला. चरकाला मसाईमारा जांगल वाटला असता. पावसाळ्यात चिंब झालेल्या आमच्या शेजारच्या तानसा अभयारण्याला त्याने काय म्हटलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

त्याच्या आजीने चष्मा लावून चित्ता पाहिला आणि विचारलं, “कोणी काढला रे?” तिला फोटो म्हणायचं होतं की चित्र, कळेना. मराठीत दोन्ही काढतातच. इंग्रजीत कॅमेऱ्यालाही शिकाऱ्याचंच ‘शूट’ हे क्रियापद लागतं. स्वाहिलीत ‘कुपिगा पिचा’, अक्षरशः चित्र मारणं. आपण मारत नाही, काढतो, हे ऐकून फार ताठ होऊ नये, कारण आपण मागही काढतो, आणि माग हा शब्द पुरता पारध्याचा. ‘मृग’ म्हणजे मुळात कोणतंही रानजनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र. त्या मृगाची वाट तो ‘मार्ग’, प्राकृतात ‘मग्ग’, मराठीत ‘माग’. मागे आणि मागणे हेही त्याच वाटेवरचे. म्हणजे महामार्गाच्या पाटीवरही एक हरीण लपलेलं आहे.

मुलाला आता नाद लागलाय. रविवारी पहाटे तो तानशात जातो, रानपिंगळ्यासाठी. 1884 नंतर नाहीसंच झालं असं मानलेलं हे छोटं घुबड 1997 साली नंदुरबारकडे पुन्हा सापडलं आणि 2014 साली तानशात दिसलं. नावातलं रान हे ‘अरण्य’चंच झिजून उरलेलं रूप. मुलगा निघताना “सफारीला चाललो” म्हणतो. त्याला शोधत कोणी दारात आलं तर त्याची आई सांगते, “रानात गेलाय.”

माझं मत आईला.