‘काँग्रेस गवत’ : एका नावाची साक्ष

चामोर्शी गावाबाहेर रस्त्याच्या कडेला, पडीत जमिनीत आणि बांधांवर जी पांढऱ्या बारीक फुलांची वनस्पती दिसते, तिला मराठीत गाजर गवत, पांढरफुली व काँग्रेस गवत अशी तीन नावे आहेत. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ती गवत नव्हे. ती सूर्यफुलाच्या कुलातील ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ होय. पहिली दोन नावे अनुक्रमे पानाच्या व फुलाच्या रूपावरून पडली, हे उघड आहे. प्रश्न तिसऱ्याचा आहे.

या नावाची लौकिक उपपत्ती सर्वांस परिचित आहे. ‘पी. एल. ४८०’ या अमेरिकन कायद्यान्वये आलेल्या गव्हातून हे बी आले व तो गहू आणणाऱ्या काँग्रेस सरकारचे नाव त्यास चिकटले, असे सांगतात. घटनेवरून नाव पडल्याचे उदाहरण म्हणून प्रस्तुत लेखकाने ही हकीकत वर्गात अनेक वर्षे सांगितली. ती कालक्रमाच्या कसोटीस लावून पाहण्याचे मात्र राहून गेले होते.

उपर्युक्त कायदा १० जुलै १९५४ रोजी संमत झाला. त्याखालील भारताशी पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी झाला. उलटपक्षी, आर. एस. राव यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्ये भारतास नवी म्हणून जी नोंद प्रसिद्ध केली, ती पुण्यात १९५५ साली आढळलेल्या झाडांची होती. करारापूर्वीच उगवलेले झाड करारानंतरच्या गव्हातून येणे शक्य नाही.

एवढ्यावरून गव्हाचा संबंध सर्वस्वी नाकारता येत नाही. १९५१ च्या अन्नसाहाय्य कायद्यानुसार १९ कोटी डॉलरांचे कर्ज मिळून अमेरिकन धान्य भारतात आलेच होते. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय दुसरी एक नोंद विचारात घ्यावी लागते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील झाडांची रॉक्सबर्गकृत यादी ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने १८१४ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात छापली गेली. तीत ही वनस्पती आहे. ही यादी प्रसिद्ध करणारा विल्यम केरी म्हणजे १८०५ चे मराठी व्याकरण व १८१० चा मराठी कोश रचणारा केरीच होय. उद्यानातील झाड पुण्यास पोहोचले असे यावरून सिद्ध होत नाही; पण भारतातील त्याचा इतिहास गव्हाच्या जहाजापासून सुरू होत नाही, एवढे निश्चित.

नावाचीही एकच उपपत्ती नाही. शुभ्र फुले काँग्रेसवाल्यांच्या पांढऱ्या टोपीसारखी दिसतात म्हणून हे नाव, असेही सांगतात. कन्नडातही ‘काँग्रेस गिड’ असाच शब्द आहे. तेलुगूत मात्र तिला ‘वय्यारिभामा’, म्हणजे नखरेल तरुणी, म्हणतात. तेथे ना गहू, ना टोपी. चामोर्शीच्या परिसरात झाडीबोली, गोंडी व निर्वासितांच्या वसाहतींतील बंगाली ऐकू येते आणि दक्षिणेस अहेरी-सिरोंच्याकडे तेलुगूचा वावर वाढत जातो. एकाच जिल्ह्यात, एकाच झाडाभोवती, दोन भाषांनी दोन निरनिराळ्या गोष्टी जपल्या आहेत. शास्त्रीय नावही यास अपवाद नाही. ‘पार्थेनियम’ हे ग्रीकांनी दुसऱ्याच एका औषधीस दिलेले नाव. त्याच्या मुळाशी ‘कुमारिका’ हा अर्थ आहे. लिनियसने १७५३ मध्ये ते या अमेरिकन वनस्पतीस लावले.

मग ‘काँग्रेस गवत’ या नावाची साक्ष निरर्थक मानावी काय? तसे नाही. बी कोणत्या वाटेने आले, हे ते सांगत नाही. पण गव्हाच्या उपपत्तीला लोकांनी इतका आश्रय का दिला, हे त्यातून कळते. परक्या धान्यावर पोसले जाण्याची खंत आणि शेतात न बोलावता शिरलेल्या, हाताने उपटताना अंगास खाज आणणाऱ्या तणाचा संताप लोकांनी एका शब्दात एकत्र बांधला. ती भावना खरी आहे व इतिहासाने तिची नोंद घेतलीच पाहिजे. मात्र ती वनस्पतीच्या प्रवासाच्या प्रकरणात न घेता लोकमानसाच्या प्रकरणात घेतली पाहिजे. शब्दावरून इतिहास लिहू पाहणाऱ्या आपणा भाषाभ्यासकांना हा भेद विसरून चालणार नाही.