कोयनेच्या भिंतीवरील आडव्या भेगा

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे सव्वाचार उलटले असताना कोयनानगर हादरले. सुमारे १८० माणसे दगावली, हजारोंची घरे कोसळली. धरण उभे राहिले. मात्र पाहणीत त्याच्या अनेक खंडांवर आडव्या भेगा आढळल्या. भिंतीमागे ९० मीटरहून अधिक खोल पाणी होते आणि खाली नदीकाठी कराड.

भेगा मनमानी पडल्या नव्हत्या. १०३ मीटर उंचीच्या सर्वांत मोठ्या खंडाचा पाया ७० मीटर रुंद, ६६.५ मीटर उंचीवर ही रुंदी १९.३ मीटरवर येते आणि तिथून वर भिंत जवळजवळ सरळ चढते. उतार जिथे असा एकाएकी मोडतो, त्याच पातळीच्या आसपास भेगा होत्या.

हा विचित्र आकार आला कुठून? धरण दोन टप्प्यांत उंच करायचे ठरले होते. काम चालू असतानाच पूर्ण उंची एकदम गाठण्याचा निर्णय झाला. पाया आधीच घातलेला, त्यामुळे वरचा भाग नेहमीपेक्षा जाड ठेवावा लागला. एका प्रशासकीय निर्णयाची खूण भिंतीच्या छेदात अशी कायमची उमटली.

आराखडा करताना भूकंपासाठी वजनाच्या ५ टक्के आडवे बल धरले होते, तेही तळापासून माथ्यापर्यंत सारखेच. त्या गणितात भिंतीत कुठेही ताण येत नव्हता. पण भूकंपात भिंत वेताच्या छडीसारखी वर अधिक झुलते. शिवाय धरणातल्याच यंत्राने नोंदवलेला, भिंतीला आडवा असलेला धक्का गुरुत्व त्वरणाच्या जवळपास निम्मा होता.

१९७३ मध्ये बर्कलीचे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी हीच नोंद घेऊन फायनाइट एलिमेंट पद्धतीने गणित मांडले. या पद्धतीत अखंड भिंत कागदोपत्री लहान लहान तुकड्यांत विभागतात, ते कोपऱ्यांच्या बिंदूंशी जोडतात आणि प्रत्येक बिंदू किती सरकतो हे संगणकाकडून काढून घेतात. त्यावरून प्रत्येक तुकड्यावरचा ताण कळतो. काँक्रीट दाब सोसते, ताण फारसा नाही. गणितातला ताण त्याच्या कुवतीपलीकडे गेला तो नेमका उतार मोडतो तिथेच.

दोष केवळ कोयनेच्या आकाराचा असता तर जगभरचे अभियंते निर्धास्त झोपले असते. नेहमीच्या आकाराची भिंतही अशा धक्क्यात तडकली असती, असे या अभ्यासातून दिसले. म्हणजे प्रश्न प्रचलित गणिताचाच होता.

पुढे भेगा पडलेल्या खंडांना मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले. तडकलेला तो छेद मात्र आजही संगणकात उभा आहे: धरणाच्या विश्लेषणाची नवी पद्धत पारखायची झाली की जगभरचे संशोधक तिला आधी कोयनेचा भूकंप देतात आणि भेग कुठे पडते ते पाहतात.