छोट्या चित्रपटांचे मोठे संगीतकार

गेल्या पावसाळ्यात रोह्यातील एका कुटुंबाला भेट देण्याचा योग आला. चहापाणी झाल्यावर घरच्या माउलीने मनात साचलेले बोलून दाखविले. तिचा थोरला मुलगा मिस्साच्या वेळी की-बोर्ड वाजवितो. हात चांगला आहे. अलीकडे मित्रांनी काढलेल्या एका लघुपटाला त्याने संगीत दिले आणि आता नोकरी सोडून हेच काम करण्याचे त्याने मनात घेतले आहे. "फादर, पिक्चरला म्युझिक देऊन कुणाचे घर चालले आहे का? तुम्हीच समजावा त्याला," असे ती काकुळतीने म्हणाली. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता.

त्या दिवशी आम्ही काही उत्तर दिले नाही, कारण ते आम्हांला ठाऊक नव्हते. मोठ्या हिंदी चित्रपटांच्या संगीतकारांची नावे कोणालाही सांगता येतील. परंतु ज्यांच्यामागे बडा निर्माता नाही, नामांकित नट नाही आणि ज्यांचा पैसा चार मित्रांनी किंवा एखाद्या ध्येयवेड्याने उभा केला आहे, अशा स्वतंत्र चित्रपटांना संगीत कोणी दिले, कसे दिले आणि त्या माणसांचे पुढे काय झाले, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो केल्यावर जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लिंगोबाचा डोंगर

आरंभ आपल्याच परिसरापासून करू. पनवेलहून पेणकडे येताना कर्णाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. त्याच्या कपारींत मधमाश्यांची मोहळे असतात. या डोंगराच्या आश्रयाने राहणाऱ्या ठाकरांच्या जीवनावर गो. नी. दांडेकर यांनी 'जैत रे जैत' ही कादंबरी लिहिली आणि १९७७ साली डॉ. जब्बार पटेल यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. निर्मिती उषा मंगेशकर यांची, गीते ना. धों. महानोर यांची आणि संगीत पं. हृदयनाथ मंगेशकर यांचे.

या चित्रपटातील गाणी आजही घरोघरी म्हटली जातात. परंतु आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. इतर चित्रपटांत कथा थांबते आणि गाणे सुरू होते. येथे कथाच गाण्यातून पुढे सरकते. मधमाश्यांमुळे एक डोळा गमावलेला नाग्या आणि त्याची चिंधी यांची कहाणी ढोलाच्या ठोक्यावर आणि समूहाच्या स्वरांवर चालते. हे संगीत कथेच्या अंगावर चढविलेला दागिना वाटत नाही. ते त्या डोंगरातच उगवल्यासारखे वाटते. पेण, सुधागड आणि रोह्याच्या वाड्यांवर ज्यांनी रात्री दुरून ढोल ऐकला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

वर्गणीचे चित्रपट

'जैत रे जैत' आकाशातून पडला नाही. त्याच्या थोडे आधी या देशात चित्रपटाची एक नवी वाट फुटली होती. १९६० साली केंद्र सरकारने चित्रपटांना कर्ज देणारे महामंडळ स्थापन केले आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याचा पैसा नव्या दिग्दर्शकांच्या हाती येऊ लागला. काहींनी याहून वेगळे मार्ग शोधले. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा १९७६ सालचा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. आपल्याकडे 'सामना' हा चित्रपट रामदास फुटाणे या चित्रकला शिक्षकाने निर्माण केला आणि १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात जाऊन पोहोचला.

अशा चित्रपटांना संगीतकार कोठून मिळणार? शंभर वादकांचा वृंद बोलावणे त्यांना शक्य नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या जागेचे आणि वादकांचे पैसे पाळीप्रमाणे मोजावे लागत. छोट्या निर्मात्याजवळ एकदोन पाळ्यांपुरतीच रक्कम असे. तेव्हा पुढे आली ती दोन माणसे, वनराज भाटिया आणि भास्कर चंदावरकर.

भाटिया यांचा जन्म १९२७ सालचा, मुंबईचा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पुढे पॅरिसला नादिया बुलांझे या विख्यात शिक्षिकेकडे ते पाश्चात्त्य संगीत शिकले. परत आल्यावर त्यांनी जाहिरातींना संगीत दिले आणि दिल्ली विद्यापीठात अध्यापनही केले. १९७४ साली बेनेगल यांच्या 'अंकुर'पासून त्यांचा चित्रपटप्रवास सुरू झाला. 'मंथन'ला त्यांचेच संगीत आहे. हंसा वाडकर यांच्या मराठी आत्मकथेवर आधारलेल्या 'भूमिका'लाही त्यांचेच आहे. 'तमस'च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चंदावरकर पुण्याचे, जन्म १९३६ चा. पं. रविशंकर यांच्याकडे ते सतार शिकले आणि १९६५ पासून सुमारे पंधरा वर्षे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी संगीत शिकविले. 'घाशीराम कोतवाल' या गाजलेल्या नाटकाचे संगीत त्यांचे. चित्रपटांत 'सामना' त्यांचा, कुमार शहानी यांचा 'माया दर्पण' त्यांचा, आणि मृणाल सेन यांचा 'खंडहर'ही त्यांचाच. मराठी, हिंदी, कन्नड, बंगाली अशा अनेक भाषांत त्यांनी काम केले.

मौनाची किंमत

या कामाची रीत आमच्यासारख्या अनभिज्ञाला नवलाची वाटली. चित्रपटाची जुळणी पूर्ण झाल्यावर दिग्दर्शक आणि संगीतकार तो एकत्र बसून पाहतात. कोठे संगीत हवे, कोठे नको, हे ठरवितात. प्रत्येक जागेचे सेकंद मोजून टिपले जातात. दार उघडल्यापासून पत्र हाती पडेपर्यंत एकवीस सेकंद असतील, तर संगीतही एकविसाव्या सेकंदालाच मुक्कामी पोहोचले पाहिजे. जुन्या काळी वादक समोरच्या पडद्यावर चित्र पाहत वाजवीत. आज एकटा माणूस घरातील संगणकावर हे काम करू शकतो, तरी मोजणी तीच राहिली आहे.

या मोजणीतील सर्वांत अवघड निर्णय गप्प राहण्याचा असतो. पेणच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती घडविणारे हात अनेक असतात, परंतु डोळ्यांची आखणी ज्याला त्याला करू देत नाहीत. तेथे रंग जास्त झाला, तर सगळी मूर्ती बिघडते. पार्श्वसंगीताचेही असेच आहे. प्रेक्षकाने कोठे रडावे हे वाद्यांनी ओरडून सांगितले, तर पडद्यावरील दुःख खोटे पडते. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी उपासनेतील संगीताला उपासनेची नम्र दासी म्हटले होते. गुरुविद्यालयात ते वचन आम्ही पाठ केले होते. चित्रपटाचा संगीतकार त्याच धर्माने वागतो, हे मात्र आम्हांला उतारवयाकडे झुकताना कळले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'श्वास'. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाला २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. १९५४ साली 'श्यामची आई'ला पहिले सुवर्णपदक मिळाल्यानंतर मराठीच्या वाट्याला हा मान पन्नास वर्षांनी आला. कोकणातील एक आजोबा आपल्या नातवाला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात आणतात. शस्त्रक्रियेने जीव वाचणार, पण दृष्टी जाणार. अशा कथेत संगीतकाराला अश्रूंचा पूर आणणे कितीतरी सोपे होते. संगीत चंदावरकरांचे होते, म्हणून तसे झाले नाही. २००९ साली ते निवर्तले.

आपली माणसे

आता वाचक विचारतील, या इतिहासात आपले कोण? उत्तर असे की आपली माणसे पुष्कळ होती, फक्त त्यांची नावे ठळक अक्षरांत नव्हती. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. ती विद्या घेऊन गोमंतकीय ख्रिस्ती तरुण मुंबईला आले. चाल कोणाचीही असो, ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देणारा बहुधा यांच्यापैकी एक असे. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्डा गावचे अँथनी गोन्सालविस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले आणि १९५८ साली स्वतःचा भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारला. १९७७ सालच्या प्रसिद्ध चित्रपटातील अँथनीच्या गाण्यात प्यारेलालांनी या गुरूचेच नाव गुंफले, हे किती जणांना माहीत आहे?

परंतु आमच्या विषयाला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे फ्रँक फर्नांड. कुडचड्याचा हा ट्रम्पेटवादक आयुष्यभर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत दुसऱ्यांच्या चाली सजवीत राहिला. गोवा मुक्त झाला आणि दोनच वर्षांनी, १९६३ साली, त्याने 'आमचें नशीब' हा कोंकणी चित्रपट निर्माण केला. १९६६ साली 'निर्मोण' काढला. कोंकणीचा प्रेक्षक मूठभर. त्यातून संपत्ती मिळणार नाही, हे मुंबईच्या धंद्यात मुरलेल्या त्या माणसाला समजत नव्हते असे नाही. तरीही आपल्या भाषेत, आपल्या सुरांत एक चित्र व्हावे, ही ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. पुढच्याच वर्षी 'निर्मोण'वरून हिंदीत 'तकदीर' निघाला. मूळ चित्रपट मात्र गोव्याबाहेर थोड्यांनाच आठवतो.

हिशेबाची बाजू

रोह्याच्या माउलीचा प्रश्न मात्र पोटाचा होता आणि तो टाळून चालणार नाही. 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका', 'तमस' देणारे वनराज भाटिया यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच, वयाच्या नव्वदीत, त्यांच्या बँकेत पैसा उरला नसल्याच्या आणि घरातील चीजवस्तू विकण्याची वेळ त्यांच्यावर आल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांतून आल्या. तेव्हा चाहत्यांना हळहळ वाटली. २०२१ साली ते गेले. गाण्याची तबकडी निघते, ती विकली जाते. पार्श्वसंगीत चित्रपटाबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच अंधारात जाते. त्याचे कागद जपून ठेवण्याची रीतही आपल्याकडे नव्हती.

२०१२ साली स्वामित्व हक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी केलेली रचना चित्रपटगृहाबाहेर अन्यत्र वापरली गेली, तर संगीतकाराला आणि गीतकाराला मानधनाचा वाटा मिळालाच पाहिजे, आणि हा हक्क करार करून कोणाला काढून घेता येणार नाही, असे त्यात ठरले. फर्नांड यांच्या पिढीला असे संरक्षण नव्हते. आजच्या मुलाला आहे, परंतु त्याला ते ठाऊक असले पाहिजे.

वाटही बंद झालेली नाही. २०१३ सालच्या 'फँड्री'ला अलोकनंदा दासगुप्ता यांचे पार्श्वसंगीत आहे. २०१४ साली बर्लिनमध्ये गौरविलेला 'किल्ला' हा कोकणच्या पावसातील चित्रपट नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांच्या संगीताने भरला आहे. त्याच वर्षीच्या 'कोर्ट'चे संगीत शाहीर संभाजी भगत यांचे. हे सर्व छोटे चित्रपट, आणि प्रत्येकाचा सूर ज्याच्या त्याच्या मातीचा.

समारोप

काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा रोह्याला गेलो. माउलीला सांगितले की हे काम खोटे नाही आणि हलकेही नाही, परंतु याच्या भरवशावर एकदम नोकरी सोडण्यात शहाणपण नाही. चंदावरकर शिकवीत होते, भाटिया जाहिराती करीत होते, फर्नांड दुसऱ्यांच्या वृंदात वाजवीत होते. मोठ्यांनीही दुसऱ्या कामाच्या आधारानेच हे साधले. मुलाला तीन गोष्टी सांगितल्या. स्वरलिपी नीट शीक. मित्राचा चित्रपट असला, तरी करार लिहून घे. आणि आजूबाजूला कान दे.

हे शेवटचे सांगताना आमच्या मनात कुंडलिका नदी होती. रोह्यावरून वाहत ती रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. तेथे पलीकडच्या तीरावर कोर्लई आहे. १७४० साली पोर्तुगीज निघून गेले, तरी तेथील आपल्या बांधवांनी त्या भाषेचा स्वतःचा एक अवतार आजवर बोलीत आणि गाण्यांत जपला आहे. एका बाजूला कोर्लईची गाणी, दुसऱ्या बाजूला ठाकर-कातकऱ्यांचे ढोल, मध्ये कोळ्यांच्या नौका. ज्याच्या दाराशी एवढी पुंजी आहे, त्याने सूर उसने आणावेत कशाला?

माउलीचे समाधान झाले की नाही, सांगवत नाही. निघताना तिने विचारले, "फादर, त्या फर्नांडचे घर चालले का हो?" आम्ही म्हणालो, "चालले, पण चित्रपटांवर नव्हे, वाजविण्यावर." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "ऐकलेस ना? आधी कामावर जा. रात्री काय ते वाजव."

मुलगा हसला. त्याने नोकरी अजून सोडलेली नाही आणि की-बोर्डही सोडलेला नाही.